काळ्या सम्राटाच्या पाठीवरचे वळ

"सर, ऑपेरा म्हणजे नक्की काय असतं हो?" असे विचारत एका तरुण नाटककाराने आमच्या ऑफिसात टेबलावर चार पानांचे करारपत्र ठेवले. त्याच्या मराठी नाटकावरून परदेशातील एक मंडळी इंग्रजी ऑपेरा करू इच्छितात. नाटक आपल्या चळवळीविषयीचे आहे, तिच्यातल्या गटातटांविषयीचे आहे आणि चांगले आहे. पोरगा हरखला होता. सही करायची एवढेच त्याला ठाऊक होते. ऑपेरा काय असतो हे त्याला ठाऊक नव्हते आणि करार काय असतो हे तर त्याहून नव्हते!

तो गेल्यावर आमचे एक जुने कार्यकर्ते मित्र म्हणाले, "वकीलसाहेब, झुंबराखालचं गोऱ्यांचं गाणं ते. आपल्याला त्याचं काय?" आमचे म्हणणे असे, की आपल्याला त्याचे पुष्कळ काही आहे. कारण गोऱ्यांच्या त्या झुंबराखाली एकदा आपल्यासारख्याच एका लेखकाचे नाटक गेले होते. तिथे त्याचे काय झाले, हे चळवळीच्या वाचकांनी वाचले पाहिजे.

लँगस्टन ह्यूज हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचले, त्यात हा कवी होता. परंतु ह्यूज यांनी नाटकेही लिहिली आणि त्यांतल्या दोन नाटकांचे ऑपेरे झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांपैकी पहिले नाटक हैतीच्या क्रांतीवरचे होते. ह्यूज १९३१ साली हैतीला गेले तेव्हा तो देश अमेरिकन फौजेच्या ताब्यात होता. १९१५ पासून १९३४ पर्यंत ती फौज तिथे ठाण मांडून बसली होती. ज्या गुलामांनी नेपोलियनच्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राष्ट्र उभे केले, त्यांच्या नातवंडांच्या रस्त्यांवर परकी शिपाई गस्त घालीत होते. त्या मातीवर उभे राहून आलेल्या लेखकाने 'ड्रम्स ऑफ हैती' हे नाटक लिहिले. ते १९३६ मध्ये क्लीव्हलँडच्या गिल्पिन प्लेअर्स या कृष्णवर्णीय नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले.

या मंडळीच्या नावातच एक कथा आहे. चार्ल्स गिल्पिन हा नट १९२० साली युजीन ओनील या गोऱ्या नाटककाराच्या 'द एम्परर जोन्स' मधला सम्राट करून गाजला. नाटकात काळ्यांसाठी वापरलेली शिवी त्याला सहन होत नसे, म्हणून तो प्रयोगात शब्द बदलून बोलू लागला. नाटककार संतापला आणि पुढे ती भूमिका पॉल रोबसनकडे गेली. रोबसन महान, यात वाद नाही. पण शिवी उच्चारायला नकार देणारा गिल्पिन आम्हाला अधिक जवळचा वाटतो.

'एम्परर जोन्स' चा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला पाहिजे. ७ जानेवारी १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्या नाटकावरचा इंग्रजी ऑपेरा रंगमंचावर आणला. संगीतकार लुई ग्रुएनबर्ग गोरा, नाटककार गोरा आणि सम्राटाची भूमिका करणारा लॉरेन्स टिबेटही गोराच! त्याने तोंडाला काळा रंग फासला. त्या कथेत वेस्ट इंडीजच्या बेटावर एक काळा माणूस थापा मारून सम्राट होतो, प्रजा उठते आणि तो जंगलात पळतो. मागून ढोल वाजत राहतो, त्याची गती वाढत जाते आणि त्या ढोलाच्या भीतीनेच तो खचतो. आता ह्यूज यांच्या नाटकाचे नाव पाहा. तिथेही ढोलच आहे. पण हैतीच्या गुलामांना ढोलाची भीती नव्हती. ऑगस्ट १७९१ च्या ज्या रात्री उठाव झाला, त्या रात्री मळ्यामळ्यांना निरोप देणारे ते वाद्य होते. एकाच वाद्यातून गोऱ्या लेखकाला भीती ऐकू येते आणि काळ्या लेखकाला हाक! कथा कोणी सांगायची या प्रश्नाला आपले विद्वान 'संकुचित' म्हणतात. त्यांनी हे दोन ढोल एकदा शेजारी ठेवून ऐकावेत.

ह्यूज यांच्या नाटकाला विल्यम ग्रँट स्टिल हे कृष्णवर्णीय संगीतकार भेटले. मिसिसिपीत १८९५ मध्ये जन्मलेले स्टिल हे साधे नाव नव्हते. 'अफ्रो-अमेरिकन सिम्फनी' त्यांची. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे संचालन करून अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदापुढे उभा राहणारा पहिला कृष्णवर्णीय, हा मानही त्यांचाच. ऑपेराचे नाव ठरले 'ट्रबल्ड आयलंड'. काम चालू असतानाच १९३७ मध्ये ह्यूज स्पेनच्या यादवी युद्धाच्या वार्तांकनाला निघून गेले आणि राहिलेले शब्द स्टिल यांच्या पत्नी व्हर्ना आर्वी यांनी लिहिले.

इथे त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. आपल्या संगीत नाटकात बोलता बोलता पद येते. ऑपेरात बोलणेच जवळजवळ नसते, सगळे गायले जाते. बोलायला दहा सेकंद लागणारे वाक्य गायला मिनिटभर लागते. (आमच्या उलटतपासणीला कोणी चाल लावली तर खटला पिढ्यान्‌पिढ्या चालेल. तसा तो आताही चालतोच!) म्हणून नाटकाचा ऑपेरा करताना शब्द कापावे लागतात, निम्म्याहून अधिक कापावे लागतात. मग आधी काय कापले जाते? युक्तिवाद कापला जातो, कारणमीमांसा कापली जाते. प्रेम, मत्सर, विश्वासघात, मृत्यू हे उरते, कारण ते गाता येते. ज्या समाजाचे मुख्य हत्यारच युक्तिवाद आहे, त्याने ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे.

'ट्रबल्ड आयलंड' ची कथा थोडक्यात अशी. देसालिन हा गुलाम उठावाचा नेता होतो आणि पुढे हैतीचा सम्राट बनतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही, याची त्याला आतून लाज आहे. सत्ता आल्यावर तो गुलामीत साथ दिलेली पत्नी अझेलिया हिला दूर करतो आणि उजळ कांतीच्या, शिकलेल्या, मिश्रवंशीय क्लेअरशी लग्न करतो. क्लेअर आणि दरबारातला शिकलेला व्ह्यूव्हाल आतून कट करतात. दरबारात युरोपियन पद्धतीचे नृत्य चालू आहे आणि बाहेर जनतेचा ढोल आहे. शेवटी समुद्रकाठच्या बाजारात देसालिनला मारले जाते. त्याचे कपडेही लुटले जातात. बाजारात वणवण फिरणारी अझेलिया त्या उघड्या पाठीवरचे चाबकाचे वळ पाहते आणि तिला कळते की हा कोण. हे वळ तिच्या ओळखीचे आहेत.

आपल्यापैकी ज्याने १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या सभेविषयी वाचले आहे, त्याला ही कथा परकी वाटणार नाही. शिकलेल्या वर्गाविषयी परमपूज्य बाबासाहेबांनी तिथे जी व्यथा बोलून दाखवली, तीच ह्यूज यांनी वीस वर्षे आधी दुसऱ्या खंडात, दुसऱ्या बेटाच्या निमित्ताने मांडली होती. नेत्याने जुन्या माणसांना विसरणे, उजळ कांतीच्या दरबाऱ्यांत रमणे, शिकलेल्यांनी खुर्चीसाठी विकले जाणे! नावे बदलायची, बाकी कथा आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही विश्रामगृहात घडवता येईल.

पण थांबा. आम्हाला खरी अडचण इथेच दिसते. गोरे मालक या ऑपेरात पहिल्या अंकातच संपतात. उठाव झाला, मालक गेले. पुढचे तिन्ही अंक काळे आणि मिश्रवंशीय एकमेकांशी भांडतात. क्लीव्हलँडमध्ये आपल्याच माणसांच्या मंडळीने हे दाखवले तेव्हा ते आत्मपरीक्षण होते. न्यूयॉर्कच्या गोऱ्या प्रेक्षकासमोर तेच ठेवले की त्याला वाटते, बघा, यांना राज्य करता येत नाही! शब्द तेच, प्रसंग तेच, पण पाहणारा बदलला की आत्मपरीक्षणाचे पुराव्यात रूपांतर होते. आणि युक्तिवाद तर गाण्याने आधीच कापलेला असतो.

जे गाण्यात आले नाही ते आम्ही वकील या नात्याने सांगतो. देसालिनच्या १८०५ च्या राज्यघटनेचे कलम १४ असे की, यापुढे हैतीच्या सर्व नागरिकांना 'काळे' याच एका नावाने ओळखले जाईल. सर्व म्हणजे सर्व! त्या आधीच्याच कलमात तिथे स्थायिक झालेल्या काही जर्मन आणि पोलिश गोऱ्यांना नागरिक मानले आहे. म्हणजे गोरी कातडी असलेला तो पोलिश शिपाईही कायद्याने 'काळा' ठरला. ज्या शब्दाने हिणवले तोच शब्द राष्ट्राचे नाव करून टाकला. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाची व्याप्ती जातीपलीकडे, सर्व शोषितांपर्यंत नेली, ती याच जातकुळीची. देसालिन निरक्षर होता. पण त्याच्या घटनेला शब्दाचे मोल ठाऊक होते. याचा अर्थ तो निर्दोष होता असा नव्हे. १८०४ मध्ये फ्रेंच रहिवाशांची कत्तल त्याच्याच हुकमाने झाली आणि मुक्त झालेल्या शेतमजुरांना त्याने पुन्हा मळ्यांवर सक्तीने राबवले. ते आम्ही झाकणार नाही. परंतु हैती बुडाली ती केवळ आपसातल्या भांडणाने, हेही खोटे. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून या देशाकडून १५ कोटी फ्रँकची 'भरपाई' कबूल करून घेतली. पुढे ती ९ कोटींवर आणली गेली, तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालली. कसली भरपाई? मालकांनी गमावलेल्या गुलामांची आणि मळ्यांची! गुलामाने स्वतःच्या सुटकेची किंमत मालकाच्या वारसांना सव्वाशे वर्षे मोजली. देसालिनचा खून १८०६ चा, म्हणून हे सगळे नाटकाच्या पडद्यानंतर घडते. पण प्रेक्षक घरी जातो तो पडद्याच्या आधीचे घेऊन.

तरीही आम्ही ह्यूज यांना दोष देत नाही, आणि त्याचे कारण तो शेवटचा प्रसंग आहे. शब्द कापले गेले, कारणे कापली गेली, पण सम्राटाचा अंगरखा उतरल्यावर पाठ बोलू लागते. तिच्यावर चाबूक कोणाचा आहे हे कोणी गाऊन सांगावे लागत नाही. पहिल्या अंकात गेलेला मालक त्या पाठीवरून परत रंगमंचावर येतो. हैतीच्या लोकस्मृतीत डेफिले नावाची एक बाई आहे, जिला लोक वेडी म्हणत. देसालिनच्या देहाचे तुकडे तिने गोळा केले असे सांगतात. अझेलिया तिचीच बहीण शोभते.

आता ३१ मार्च १९४९ या तारखेकडे येऊ. त्या वर्षी इकडे बाबासाहेब भारताची राज्यघटना सभागृहातून कलमागून कलम पार नेत होते. तिकडे न्यूयॉर्क सिटी ऑपेराने 'ट्रबल्ड आयलंड' चा पहिला प्रयोग केला. मेट्रोपॉलिटनने तो आधीच नाकारला होता. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीय संगीतकाराचा ऑपेरा रंगमंचावर आणण्याची ही पहिलीच वेळ. आणि देसालिन कोण झाला? रॉबर्ट वीड, गोरा गायक. अझेलिया? मेरी पॉवर्स, गोरी गायिका. पुन्हा तोच काळा रंग, तेच फासलेले तोंड!

कोणी म्हणेल, त्या काळी त्या तोडीचे काळे गायक कुठे होते? ही सबब आम्ही कोर्टात आणि कोर्टाबाहेर आयुष्यभर ऐकत आलो आहोत. 'योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही' हा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवण्याची विद्या आपल्या विद्यापीठांना शिकवावी लागत नाही. न्यूयॉर्कची वस्तुस्थिती काय होती? टॉड डंकन हे कृष्णवर्णीय गायक याच कंपनीत १९४५ मध्ये गायले होते. कॅमिला विल्यम्स १९४६ पासून याच कंपनीत प्रमुख भूमिका करीत होत्या. लॉरेन्स विंटर्स तिथेच होते आणि नंतरच्या प्रयोगात देसालिन त्यांनीच केला! म्हणजे उमेदवार दारातच उभा होता. रॉबर्ट मॅकफेरिन यांना त्या प्रयोगात छोटी भूमिका मिळाली. पुढे जानेवारी १९५५ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरले ते हेच. त्याच महिन्यात, ७ तारखेला, मेरियन अँडरसन यांनी मेट्रोपॉलिटनचा दरवाजा प्रथम उघडला. टिबेटने तोंड काळे केले ती तारीखही ७ जानेवारीच होती. मध्ये बावीस वर्षे गेली.

पहिल्या रात्री टाळ्या थांबेनात. कलावंतांना बावीस वेळा पडद्याबाहेर यावे लागले असे सांगितले जाते. वर्तमानपत्रांनी मात्र नाके मुरडली. तीन प्रयोग झाले आणि खेळ बंद पडला. समीक्षकांनी आधी संगनमत करून आपल्याला पाडले असे स्टिल यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. वकील म्हणून आम्ही सांगू, की कट सिद्ध करण्याएवढा पुरावा दिसत नाही. पण कट लागतो कशाला? ज्यांच्या कानाला काळ्या संगीतकाराकडून फक्त जाझची अपेक्षा आहे, त्यांना त्याचा ऑपेरा 'उसना' वाटणारच. सगळ्यांची सवय एक असली की कट करण्याचे श्रम वाचतात.

या अपयशाने माणसेही तुटली. स्टिल यांनी पुढे कम्युनिस्टांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. ह्यूज यांना तर मार्च १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थीच्या समितीपुढे उभे राहून आपल्या जुन्या लिखाणाचा खुलासा करावा लागला. एक मोठे काम एकत्र केलेले दोन कृष्णवर्णीय एकमेकांपासून दूर गेले आणि काम धूळ खात पडले. शिकागोच्या साउथ शोअर ऑपेरा कंपनीने २०१३ मध्ये ते पुन्हा ऐकवले. १८८३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोपॉलिटनला कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा सादर करायला २०२१ साल उजाडले. तो टेरेन्स ब्लँचर्ड यांचा. स्टिल १९७८ मध्येच वारले होते.

एक गोष्ट मात्र जगली. ऑपेरात मार्टेल नावाचा म्हातारा, पूर्वीचा गुलाम, सर्व माणसांच्या मुक्त जगाचे स्वप्न गातो. ते गीत पुढे ह्यूज यांची स्वतंत्र कविता म्हणून संग्रहांत गेले, शाळांत गेले. ते मुळात एका ऑपेरातल्या गुलामाच्या तोंडी होते, हे किती मुलांना माहीत असेल?

दुसऱ्या नाटकाविषयी थोडक्यातच सांगतो, पण वकिलीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. 'मुलॅटो' हे ह्यूज यांचे नाटक १९३५ मध्ये ब्रॉडवेवर आले. गोऱ्या जमीनदाराचा काळ्या बाईपासून झालेला मुलगा पुढच्या दरवाजाने घरात शिरण्याचा हक्क मागतो, असा विषय. निर्मात्याने लेखकाच्या माघारी नाटकात बदल केले, प्रेक्षक खेचायला एका मुलीवरचा बलात्कार घुसडला आणि मानधनासाठी लेखकाला भांडायला लावले. नाटक ३७३ प्रयोग चालले! पुढे त्याचाच 'द बॅरिअर' हा ऑपेरा झाला. संगीत यान मेयेरोवित्झ यांचे, आणि या खेपेस शब्द ह्यूज यांनी स्वतः लिहिले, दुसऱ्याच्या हाती दिले नाहीत. त्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९५० मध्ये कोलंबिया विद्यापीठात झाला, त्याच कोलंबियात जिथे १९१३ मध्ये बाबासाहेब शिकायला गेले. ब्रॉडवेवर तो चारच प्रयोग टिकला. त्यातला गोरा जमीनदार कोणी केला? लॉरेन्स टिबेटनेच. निदान या वेळी त्याला रंग लावावा लागला नाही.

आता त्या तरुणाच्या चार पानांकडे. त्यात लिहिले होते की नाटकाचे 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' दिले जात आहेत आणि निर्माते 'आवश्यक ते कोणतेही बदल' करू शकतील. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. नाटकाचे रूपांतर करण्याचा हक्क हा वेगळा हक्क आहे. प्रयोगाचा हक्क दिला म्हणून तो आपोआप जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणूनच समोरचा 'कायमचे' आणि 'जगभर' हे दोन शब्द आठवणीने लिहितो. घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, पण करारात तसे नाही असे लिहून घेतले तर येत नाही. तेही त्यात लिहिले होतेच! आणि सर्वांत महत्त्वाचे कलम ५७. हक्क विकल्यावरही लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड थांबवण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाचा आधार घेतला होता.

पण कलमांनी सगळे भागत नाही. त्या तरुणाच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक लांब प्रवेश आहे. गट कसे फोडले जातात, पैसा कुठून येतो, फोडणारा कोण, याची त्यात फोड केलेली आहे. तो प्रवेश सगळा युक्तिवाद आहे. ऑपेरात पहिली कात्री त्यालाच लागणार. तो गेला की उरेल फक्त आपल्या नेत्यांचे भांडण, उत्तम वाद्यवृंदासह आणि इंग्रजीत! आम्ही त्याला विचारले, तुझ्या नाटकात पाठीवरचे वळ कुठे आहेत? जे गाऊनही पुसता येणार नाही असे काय आहे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, शेवटच्या प्रवेशातली आजी."

आम्ही पेन्सिलीने चार गोष्टी लिहून दिल्या. इंग्रजी शब्दांची संहिता तुझ्या लेखी संमतीशिवाय अंतिम होणार नाही. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश आणि आजीचा प्रवेश वगळता येणार नाही. 'कायमचे' खोडून पाच वर्षे. आणि प्रमुख भूमिकांसाठी आधी दलित आणि भारतीय वंशाच्या गायकांची चाचणी, तिचा लेखी अहवाल. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे म्हणायचे असेल तर कोणाकोणाला ऐकले ते कळवा.

"सर, एवढं मागितलं तर ते सोडूनच देतील," तो म्हणाला. देतीलही. त्याच्या आईला त्या पैशाची गरज आहे, हेही त्याने जाता जाता सांगितले, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पेन्सिलीचे कागद घेऊन, जयभीम करून तो गेला. पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.